आई, चाकं थोडी बाहेर काढायची आहेत

मुलाला अठरा पूर्ण होतात, पक्कं लायसन्स हातात येतं आणि घरातली जुनी गाडी हळूहळू त्याची होऊन जाते. कागदावर ती बाबांच्या नावावर असते, हप्ते आपण फेडलेले असतात. पण धुणं-पुसणं, पेट्रोल भरणं, आजीला दवाखान्यात नेणं हे सगळं तो करायला लागतो. आपल्यालाही बरं वाटतं, एक काम कमी झालं म्हणून. आणि मग एक दिवस जेवता जेवता तो म्हणतो, "आई, गाडीची चाकं थोडी बाहेर काढायची आहेत. स्टान्स भारी दिसेल."

आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा ह्यांनी ताटातून मान वर केली आणि मी म्हटलं, "चाकं बाहेर? म्हणजे काय रे?" तुमच्याकडे अजून निघाला नसेल तर निघेल, म्हणून आधीच सांगते.

कंपनीतून येते तेव्हा गाडीची चाकं मडगार्डच्या थोडी आत असतात. मुलांना ती बाहेर, बॉडीच्या कडेला टेकलेली हवी असतात. गाडी मग रुंद आणि दणकट दिसते. हे करायचे दोन मार्ग. एक म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्या मधे धातूची जाड चकती घालायची, तिला स्पेसर म्हणतात. दुसरा म्हणजे वेगळ्या ऑफसेटचे रिम घालायचे, ज्यांची बैठकच अशी असते की चाक बाहेर येतं. प्रत्येक बाजूला २० मिलिमीटरचा स्पेसर घातला की दोन्ही चाकांमधली रुंदी ४० मिलिमीटरनं वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. चार सेंटिमीटरच तर आहेत!

आता आपण काय करतो ते बघू. ऑफिसातून दमून आलेलो असतो, कुकर लावायचा असतो, उद्याची कामं डोक्यात असतात. त्यामुळे आपली उत्तरं ठरलेली. "आधी केटी सोडव, मग गाडीचं बघ." किंवा "बाबांना विचार." किंवा "किती लागतील ते सांग आणि विषय संपव." यातलं एकही उत्तर आपण वाईट मनानं देत नाही. वेळ नसतो आणि विषय कळत नाही, एवढंच. पण तिन्ही उत्तरांत मुलाला एकच गोष्ट ऐकू येते, की याबद्दल घरात बोलण्यात अर्थ नाही.

आणि त्याच्यासाठी हा विषय मोठा असतो हो. ती गाडी त्यानं निवडलेली नाही. रंग आपण ठरवला, मॉडेल आपण ठरवलं, तेही मायलेज बघून. मित्राकडे नवी गाडी आहे, याच्याकडे बाबांची उतरलेली. त्या गाडीवर 'ही माझी' अशी एखादी खूण असावी, असं त्याला वाटतं. रात्री दीड वाजता तो मोबाइलवर जपान-जर्मनीतल्या गाड्या बघत बसतो तेव्हा त्याच्या मनात मस्तीच असते असं नाही. ऑफसेट, पीसीडी, कॅम्बर असे शब्द तो कुणीही न सांगता शिकलेला असतो. गणितात नापास होणारा मुलगा मिलिमीटरचे हिशेब तोंडपाठ सांगतो तेव्हा आपण त्याच्याकडे जरा कौतुकानं बघायला हवं.

शिवाय त्याचं म्हणणं सगळंच चूक नसतं, हेही मान्य करायला हवं. तो म्हणेल, "चाकं रुंद झाली की गाडी जास्त स्थिर होते." तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की वळणावर गाडी कलंडण्याची शक्यता कमी होते. शर्यतीच्या गाड्या बसक्या आणि रुंद असतात त्या यासाठीच. इथे "काहीतरी बोलू नकोस" म्हटलं की संवाद तिथेच संपतो, कारण त्याला माहीत असतं की तो बरोबर आहे. "हो, हे खरं आहे, आता पुढचं बघू" असं म्हटलं तर तो खुर्ची ओढून बसतो.

पुढचं काय, ते मी एका ओळखीच्या जाणत्या मेकॅनिककडून समजून घेतलं. हात काळे करून तीस-तीस वर्षं गाड्या उघडणारी माणसं फार छान समजावून सांगतात. तुम्हाला गाडीतलं काही कळत नसलं तरी हे कळेल.

कंपनी गाडी रुंद करते तेव्हा सस्पेन्शन, स्टेअरिंग, बेअरिंग, ब्रेक सगळं त्या रुंदीसाठी नव्यानं बेतते. आपण नुसती चकती घालतो तेव्हा बाकी सगळं जुन्याच मापाचं राहतं. पाण्यानं भरलेली बादली अंगाजवळ धरली तर फार जड वाटत नाही, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. चाक बाहेर गेलं की हबमधल्या बेअरिंगचं तसंच होतं. वजन तेवढंच, पण ताण वाढतो. बेअरिंग लगेच तुटत नाही. काही महिन्यांनी वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं सुरू होते, आणि मुलं गाण्यांचा आवाज वाढवून गाडी चालवत राहतात.

दुसरी गोष्ट स्टेअरिंगची, आणि मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. स्टेअरिंग फिरवलं की पुढचं चाक एका तिरप्या रेषेभोवती वळतं. ती रेषा जमिनीला जिथे टेकेल ती जागा आणि टायर जमिनीवर जिथे टेकतो त्याचा मध्य, या दोहोंतलं अंतर कंपनीनं मिलिमीटरच्या हिशेबानं ठरवलेलं असतं. एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरं पाण्यात किंवा वाळूत असताना ब्रेक दाबला तरी गाडी सरळ थांबावी, हा त्यामागचा एक हेतू. स्पेसरनं हे अंतर बदलतं. मग नेमक्या अशाच वेळी स्टेअरिंग एका बाजूला ओढलं जातं, खड्ड्यात चाक गेलं की हाताला हिसका बसतो. आपल्याकडचा जुलै महिना आठवा. रस्त्याच्या डाव्या कडेला पाणी साचलेलं, उजवीकडे जेमतेम कोरडा पट्टा आणि समोर अचानक थांबलेली रिक्षा. नवशिक्या हातांना त्या क्षणी गाडीनं साथ द्यायला हवी.

तिसरी गोष्ट नटबोल्टांची. ही मुलाबरोबर बसून मोजण्यासारखी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. चाकाचा नट बोल्टवर पुरेसे वेढे फिरून बसला तरच तो धरून ठेवतो. मेकॅनिक लोकांचा साधा हिशेब असा, की बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीपर्यंत नट आत गेला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील तर नटचे आठ वेढे बसायला हवेत. आता बोल्ट तोच ठेवून मधे ५ मिलिमीटरची चकती सरकवली, तर तीनाहून जास्त वेढे कमी झाले. १० मिलिमीटरची सरकवली तर सहाहून जास्त. पूर्ण चाक, गाडीतली सगळी माणसं आणि ताशी शंभरचा वेग उरलेल्या दोनाहूनही कमी वेढ्यांवर!

शिवाय हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो, त्यावर रिमचं मधलं भोक नेमकं बसतं आणि चाक केंद्रात राहतं. बाजारातली स्वस्त, सपाट चकती हा उंचवटा झाकून टाकते. मग चाक फक्त बोल्टांच्या आधारावर उरतं आणि स्टेअरिंग थरथरायला लागतं. जाड स्पेसर वेगळे असतात. ते आधी हबला नटांनी बसवतात आणि मग चाक स्पेसरला. तिथे नटांचे दोन संच होतात आणि आतला संच चाकामागे दडलेला असतो. तो ढिला झालाय का हे बघायचं तर प्रत्येक वेळी चाक काढावं लागतं. आपल्याकडे चाक कधी निघतं? पंक्चर झाल्यावर. आणि पंक्चर काढणाऱ्या दादांना आत काय लपलंय ते माहीत नसतं.

मुलगा म्हणेल, "मी चालवून बघितली, काही घासत नाही." तो एकटा चालवून बघतो. गणपतीला कोकणात जाताना गाडीत आपण पाच जण असतो, डिकी गच्च भरलेली असते, गाडी खाली बसलेली असते आणि घाटातल्या वळणावर खड्डा येतो. टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला किंवा पत्र्याच्या कडेला तेव्हा घासतो. टायरची बाजू तिथेच कापली जाते.

आणि हे आपल्या गाडीपुरतंच राहत नाही. मडगार्डबाहेर आलेला टायर चिखल आणि बारीक खडी उडवतो. मागून येणाऱ्या दुचाकीवर कुणाची तरी मुलगी कॉलेजला निघालेली असते. माझ्या मुलाला बेअरिंगच्या गोष्टीनं फारसा फरक पडला नव्हता. या गोष्टीनं तो गप्प झाला, कारण त्याची बहीण रोज स्कूटीवर जाते. मुलं स्वतःच्या जिवाला घाबरत नाहीत, पण दुसऱ्याला लागेल म्हटलं की ऐकतात. आपण त्यांना समजतो त्यापेक्षा ती बरीच हळवी असतात.

आता कायद्याकडे येते. धाक घालायला नाही, पण हे आपल्यालाच माहीत नसतं म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकानं गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किटसारखे काही बदल रीतसर मंजुरी घेऊन करता येतात, दिव्यांग व्यक्तींसाठीही गाडी बदलून घेता येते. हौसेनं चाकं बाहेर काढणं त्यात बसत नाही. "अगं आई, आरसी बुकात चाकांची रुंदी लिहिलेलीच नसते," असं चिरंजीव म्हणतील. पण मुद्दा कंपनीच्या मूळ आराखड्याचा आहे. बाजारात येण्याआधी प्रत्येक मॉडेलची सरकारमान्य संस्थेत चाचणी होते. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, आपण कितीदा तिच्याजवळून जातो, ती याच कामाची संस्था. तिथे पास झालेली गाडी आणि चकत्या घातलेली गाडी एक राहत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं १८२अ हे कलम आलं. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि ही शिक्षा कुणाला? गाडीच्या मालकाला. म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याला. मुलाला हे शांतपणे सांगा, "तू बसवलंस तरी सही बाबांची आहे." बहुतेक मुलांना हे खरोखरच माहीत नसतं. विम्याचंही असंच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवायची जबाबदारी आपली, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला की स्वतःच्या गाडीचा दावा अडकू शकतो.

ज्यांची मुलं अजून सोळा-सतराची आहेत त्यांच्यासाठी जाता जाता एवढंच सांगते, की चावी अजून तुमच्याकडेच ठेवा. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

"मग जर्मनीत कसं चालतं?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यावं. तिथे स्पेसरला चाचणीचं प्रमाणपत्र असतं, बसवल्यावर तपासणी संस्थेकडून गाडी तपासून घ्यावी लागते, गरजेप्रमाणे कागदपत्रांत तशी नोंद होते आणि टायरवर मडगार्डचं पुरेसं झाकण आहे का हेही पाहिलं जातं. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत ही सगळी वाट दिसत नाही. आपल्याकडे गॅरेजमालकाला नवी चाकं विकायची असतात आणि मुलाला संध्याकाळपर्यंत फोटो टाकायचा असतो. त्यांच्या मधे तपासणारं कुणी नसतं.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण नुसतं "नाही" म्हटलं की मुलगा थांबतोच असं नाही. तो मित्राच्या ओळखीनं कुठलं तरी गॅरेज गाठतो आणि खिशातल्या पैशांत मिळेल ती चकती घालून घेतो. जेवढे पैसे कमी तेवढा माल हलका, आणि घरी कळू नये म्हणून बारीकशा थरथरीबद्दलही तो बोलत नाही. आपल्याला पत्ताच नसतो, आणि त्याच गाडीतून आपण आजीला पाठवतो. म्हणून मी म्हणते, चकती लावलेली सापडली तर त्या क्षणी ओरडू नका. फार अवघड आहे हे, मला ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी "आई, स्टेअरिंग हलतंय" असं त्यानं येऊन सांगावं असं वाटत असेल, तर पहिला अर्धा तास गप्प राहायला हवं. नंतर ठामपणे काढायला लावा. तिथे तडजोड नको.

आणि 'नाही'च्या बरोबरीनं एखादं 'हो' हातात असू द्या. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी ज्या मापाचे अलॉय आणि टायर देते, ते घेता येतात का याची अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करता येते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला स्टिकर असतो, तो दोघांनी मिळून वाचा. पुष्कळदा गाडी 'मरगळलेली' वाटते ती झिजलेल्या टायरमुळे. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की कायद्यानंही तो टायर चालत नाही. चार नवे चांगले टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि आतून-बाहेरून पॉलिश, एवढ्यानंही गाडी अशी उजळते की पोरगं खूश. वाढदिवसाला फोनऐवजी हे द्यायला काय हरकत आहे?

ज्याला खरोखर यंत्रात रस आहे त्याच्यासाठी तर याहून मोठं दार उघडं आहे. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वतः गाडी बनवून बाहा एसएई इंडिया स्पर्धेत उतरतात, ती इंदूरजवळ पिथमपूरला होते. फॉर्म्युला भारत कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर होते. तिथे चाकांमधली रुंदी किती ठेवायची हा हौसेचा प्रश्न उरत नाही. मुलं ती हिशेब करून ठरवतात, परीक्षकांसमोर त्याची कारणं सांगतात आणि तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघ तिथे जातात. तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजात असा संघ आहे का, हे विचारून तर बघा. रात्ररात्र वर्कशॉपमध्ये जातील, जेवणाचे डबे परत येतील, आपली चिडचिड होईल. पण ज्या वेडासाठी आपण ओरडत होतो त्याच वेडाला तिथे शिकवणारं कुणीतरी असेल.

एक विनंती करते. या रविवारी मुलाला म्हणा, "चल, स्टेपनी कशी बदलतात ते मला दाखव." सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करा आणि मग जॅक लावा. जॅकवरच्या गाडीखाली कुणी हात-पाय घालायचे नाहीत. चाक निघालं की हबवर काही चकती आहे का ते दिसेलच, आणि नटचे वेढे मोजायला त्यालाच सांगा. चाकामागे स्पेसर सापडला तर तो काढून, मूळ रिम आणि बोल्ट तपासून पुन्हा बसवून घेईपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नका, आणि घरातल्या कुणाला त्यात बसवू नका.